किती हात लांब

युसूफ वडगाव, चैत्र वद्य सप्तमी, दिवेलागण

हैदराबादहून दुसऱ्या पेटंटचाही कागद आज आला. पहिलं फौजेसाठी, दुसरं दवाखान्यासाठी. यंत्र मात्र एकच: पितळी वाटी, तिच्यावर ताणलेलं कातडं आणि कानाला लावायची रबरी नळी. फौजेत असताना सरावात ही वाटी जमिनीला लावायचो आणि खालून सुरुंग खणणारे किती हात लांब आहेत ते कुदळीच्या आवाजावरून सांगायचो. कुदळ वाजते तोवर धीर असतो. ती थांबली की समजायचं, आता दारू ठासताहेत.

थोरल्या भावाचा खोकला हटत नाही, म्हणून रोज संध्याकाळी त्याची छाती ऐकतो. आज ऐकता ऐकता तोंडातून निघून गेलं, "चार हात." काहून बोललो मी? काल मनात सहा आले होते, ते निदान मनातच राहिले.

दादा हसला. "काय खणायलेत बे माझ्यात?"

"कायबी न्हाई, दादा. कफ हाय."

"मग आण इकडं, तुझं ऐकू दे."

त्याने नळी कानाला लावली आणि वाटी माझ्या छातीवर दाबली. बराच वेळ ऐकत राहिला. माझ्या डोक्यात एकच, ती कुदळ. अजून वाजतेय ना?

मग त्याचा चेहरा खुलला.

"तुला काय बी झालं न्हाई बे," तो म्हणाला. "आदी जरा ठकठक येत होती. आता समदं गप हाय."