सत्तावीस दिवसांची हजेरी

३१ जानेवारी
नाव नोंदवलं! उद्यापासून सुरू. ग्रुपचं नाव ‘पहाटे लिहिणारे’. सत्तावीस दिवस, म्हणजे थेट मराठी भाषा दिनापर्यंत. रोज साडेपाच ते सव्वासहा व्हिडिओ कॉल — कॅमेरा चालू, माइक बंद, लिहिणारा हात दिसला पाहिजे. रोज दोनशे शब्द. तीन खाडे झाले की बाहेर. ज्यांच्या कथा पूर्ण होतील त्यांचं ई-पुस्तक निघणार.

मयूर म्हणाला, “आठवी का गं ही?” नवरा आहे, मोजूनच ठेवलंय त्याने. सात कथा सुरू केल्या, सातही अर्ध्यावर. घरात मी चहासुद्धा अर्धा टाकत नाही, मग कथाच का राहते? मे महिन्यात चाळीस पूर्ण. त्याच्या आत एक तरी कथा शेवटापर्यंत न्यायची. बस्स.

१ फेब्रुवारी
बावीस चौकटी, बावीस खाली वाकलेली डोकी. ग्रुप चालवते रुचा. फणसवाडीत राहते, पंचविशीतली असेल. सुरुवातीला एवढंच म्हणते, “चला, पेनं काढा.” शाळेतल्या बाईंसारखं. आणि मी खरंच काढलं! एकशे साठ शब्द. चाळीस कमी पडले.

एक घोटाळा. मी ओट्याशी बसते आणि माझ्या मागेच मोरी. अप्पा बनियनवर दोनदा मागून गेले. सासरे आहेत, सांगायचं कसं?

२ फेब्रुवारी
सांगितलं, जरा जपूनच. आज अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून मोरीत गेले.

५ फेब्रुवारी
कथा अशी — परळला गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला टॉवर. बत्तिसाव्या मजल्यावर एक मॅनेजर मेलेला. दाराला कुलूप बाहेरून. पुढे? कोणी मारलं ते मलाच माहीत नाही! दर वेळी माझं घोडं इथेच पेंड खातं.

म्हणून अप्पांना विचारलं. गिरणी बंद पडल्यावर अकरा वर्षं ते अशाच एका टॉवरमध्ये वॉचमन होते. चाव्या कुठे टांगतात, रजिस्टर कोण भरतं, सुट्टीच्या दिवशी कुठली लिफ्ट चालू ठेवतात — तासभर सांगत होते. एरवी दिवसाला दहा वाक्यं बोलतील तर शपथ. मी भराभर टिपून घेतलं. फुकटचा खजिना!

८ फेब्रुवारी
दोनशे चाळीस.

१० फेब्रुवारी
ड्युटीचा तक्ता लागला. उद्यापासून चार दिवस मी लॅबमध्ये रात्रपाळीला, सुटणार सकाळी आठला. म्हणजे चार खाडे! पाळी बदलून मागितली तर आमच्या इनचार्ज कांता मॅडम म्हणाल्या, “लिहायचंय म्हणून? मेघना, काहीही हं.” रुचाला मेसेज टाकला. तिचं उत्तर — नियम सगळ्यांना सारखा, ताई. बरोबर आहे तिचं. चुलीत गेलं ते बरोबर! भांडी घासताना रडू आलं.

अप्पांनी पाहिलं. “काय झाला गो?” सांगितलं. त्यांना त्यात अडचणच दिसेना. “अगो, मगे बदली दी. मी बसतंय तुझ्या जाग्यार.”

गिरणीत कायमचा कामगार रजेवर गेला की त्याच्या साच्यावर, म्हणजे मागावर, बदलीवाला उभा राहायचा. अप्पा स्वतः सहा वर्षं बदली होते. रोज गेटवर जायचं, नाव पुकारलं तर काम, नाहीतर घरी. मी म्हटलं, अप्पा, लिहिण्याचं तसं नसतं हो. “हजेरी तशीच आसता,” म्हणाले.

१२ फेब्रुवारी
सकाळी लॅबमधून बाहेर पडले, फोन उघडला. ग्रुपवर एकशे चार मेसेज! अप्पा खरंच बसले होते. मयूरचा जुना फोन पिठाच्या डब्याला टेकवून, चष्मा लावून. रुचाने विचारलं, “आजोबा, मेघनाताई कुठे?” तर म्हणे, “ती कामाक गेली. मी बदली.”

निम्म्या ग्रुपला गंमत, एका गृहस्थाला राग — मग उद्या आम्ही शेजाऱ्याला बसवतो! शेवटी रुचाने निकाल दिला. आजोबांनी पंचेचाळीस मिनिटांत मान वर केली नाही, पेन चालू होतं, म्हणून चालेल. मात्र चारही दिवसांचे शब्द शेवटी मोजून कळवायचे.

१५ फेब्रुवारी
चारही दिवस निभावले! एकही खाडा नाही. अप्पांना विचारलं, काय लिहिलंत? “कायतरी.” शंभर पानी वही आणली होती मयूरकडून, ती गादीखाली ठेवून दिली. रामनाम लिहिलं असेल. मी काही खोदून विचारलं नाही. झोप अनावर झाली होती.

१८ फेब्रुवारी
सुचलं! वॉचमन! चाव्या त्याच्याकडे, रजिस्टर त्याच्याकडे, आणि त्याच्याकडे कोणी धड बघतसुद्धा नाही. अप्पांनी सांगितलेलं सगळं कसं चपखल बसलं. ग्रुपवर भाग टाकला. “कडक!” “अंगावर काटा आला ताई!” दिवसभर तरंगत होते. एक सँपल दोनदा नोंदवलं.

२० फेब्रुवारी
अप्पाही आता ग्रुपचे भाग वाचतात, जुना फोन त्यांनी परत दिलेलाच नाही. जेवताना अचानक म्हणाले, “वॉचमन कित्याक मारीत तेका?”

म्हटलं, साहेबाने त्याचा अपमान केलेला असतो ना.

“अपमान झालो म्हणान कोण मारता? तसा आसतां तर टॉवरात एकव सायब जितो रवलो नसतो.”

मयूर हसला, मीही हसले. अप्पा ताटाकडे बघत होते. मी म्हटलं, अहो अप्पा, कथा आहे ती. “हां, कथा आसा,” म्हणाले आणि ताक मागितलं.

२१ फेब्रुवारी
अप्पांचं बोलणं डोक्यातून जाईना. दुसरा खुनी शोधून पाहिला — भागीदार, बायको, लिफ्टवाला. कोणीच बसेना. सहा दिवस राहिलेत. वॉचमनच ठेवते. लोकांना आवडलाय.

२४ फेब्रुवारी
अंगात ताप. तरी दोनशे दहा.

२६ फेब्रुवारी
संपली!! पाच हजार तीनशे शब्द. वॉचमनला बेड्या घालून नेतात, तो लॉबीत थांबून एकदा मागे बघतो. खाली ‘समाप्त’ लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा लिहिला हा शब्द! रुचाला पाठवून दिली. मयूर पेढे घेऊन आला, चेष्टा न करता. “मानलं तुला,” म्हणाला.

अप्पांना वाचायला दिली. सगळी वाचली, चष्मा पुसला. “बरी लिवलंस.”

२७ फेब्रुवारी, सकाळ
रुचाचा मेसेज — बारापर्यंत बदलीच्या चार दिवसांचे शब्द कळवा, म्हणजे पूर्ण झालेल्यांच्या यादीत नाव टाकते. अप्पा खाली उतरत होते. वही मागितली. पायरीवरूनच म्हणाले, “गादीखाली आसा. घे.”

२७ फेब्रुवारी, दुपार
चार दिवस, चार पानं, आणि चारही पानांवर एकच प्रसंग. दर वेळी पहिल्यापासून लिहिलेला. “चौदाव्या मजल्यावरून लॅपटॉप गेला. मला लॉबीत उभा केला. युनिफॉर्म काढ म्हणाले.” तीन पानं इथेच थांबतात. चौथ्यावर पुढे आहे — “काढला. ऑफिसची माणसे येत जात होती. वीस मिनिटे उभा होतो. लॅपटॉप सायबाच्याच गाडीत मिळाला. कोणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. घरी सांगितले गुडघे दुखतात.”

हे मला वॉचमन सुचायच्या आधी लिहिलेलं आहे. वही घरातच होती. मी त्यांच्याकडून चाव्या, रजिस्टर, लिफ्ट, सगळं काढून घेतलं आणि त्यांनाच बेड्या घातल्या. त्याच लॉबीत. स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

रुचाला फोन केला. माझी कथा काढून टाक. “अहो ताई, आज? पूर्ण झालीये ना! मग यादीत नाव नाही यायचं तुमचं. का पण?”

म्हटलं, वॉचमनने नाही मारलं.