बाळीवेशीतून आलेले वीस फोटो

हल्दिया
९ जून १९७६

प्रिय शिवयोगी,

तुझं जाड पाकीट पोचलं. फोडताना वाटलं, आत काहीतरी कामाचं असेल. निघाले वीस फोटो आणि चार पानं. त्या चार पानांतली साडेतीन तुझ्या नव्या छंदाची आणि उरलेल्या अर्ध्यात माझा बाप. अप्पांना वळसंगहून सोलापुरात बाळीवेशीतल्या तुझ्या घरी आणलंय, पाय सुजलेत, डॉक्टर हृदयाचं दुखणं म्हणतो, दिवसभर ओट्यावर बसून असतात, काळजी नसावी. एवढं उरकून लगेच खाली 'सकाळचा उजेड फार मऊ असतो'. शाब्बास! चौथीच्या वर्गात खिडकीबाहेर बघत पाढे म्हणायचास, तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

पाडव्यापासून पाडव्यापर्यंत रोज एक फोटो काढायचा, एक दिवस चुकवायचा नाही, म्हणजे माणसाची नजर तयार होते, असं तू लिहितोस. सासऱ्यानं कॅमेरा दिला म्हणून तुला नजर आली. रेडिओ दिला असता तर गळा आला असता. आणि एवढी नजर तयार करून तू बघितलंस काय, तर तळ्यातलं सिद्धेश्वराचं देऊळ, जे सोलापुरात पाय ठेवणारा प्रत्येक माणूस बघतो. गिरणीचं धुराडं. वाळत घातलेली चादर, तीही निम्मीच. तुझ्याच उंबऱ्यावरची तुझीच चप्पल! मी सगळे फोटो खाटेवर मांडले तेव्हा आमच्या खोलीतला मानसिंग येऊन उभा राहिला. हा नातेपुत्याचा गडी, सिमेंटच्या मिक्सरवर माझ्याबरोबर असतो. चपलेचा फोटो उचलून म्हणाला, "ह्यो कोण तुझा दोस्त?" मी म्हटलं, "कचेरीत कारकून आहे." तर म्हणतो, "व्हय, मंग बराबर हाय. बसून बसून चप्पलच दिसणार की." तुझ्याकडून मी भांडायला हवं होतं. नाही भांडलो.

इथं मी रोज काय बघतो ते सांगू? चिखल. ह्यांचं बंदर होतंय, तिथं सिमेंट कालवायचं आणि ओतायचं. काल ओतलेल्यावर आज ओतायचं. मुकादम दिवसभर बंगालीत ओरडतो, आम्ही त्याला मराठीत उत्तर देतो आणि मानसिंग दोघांनाही हसतो. ह्या तीन वर्षांत मी चार कामं सोडली. एकाही ठिकाणी मन लागलं नाही, आणि लागेल असं ठिकाण कुठंतरी पुढं आहे असं समजून पुढं जायला आता जमीन उरली नाही, समोर समुद्र आहे. म्हणून तुझा हेवा वाटतो असं समजू नको. रोज त्याच ओट्यावर उभं राहून, त्याच गल्लीकडं डोळा बारीक करून बघायचं! मला चार दिवसांत वेड लागलं असतं.

फोटो म्हटलं की मला काय आठवतं ते तुला माहीत आहे. मानसिंगला ते नव्यानं सांगावं लागलं. आपल्यात माणूस गेला की त्याला निजवत नाहीत, बसवतात, कपाळभर विभूती लावतात, हार घालतात, आणि पुरायला नेण्याआधी सोलापूरहून फोटोवाल्याला बोलावतात, हे ऐकून त्यानं हातातला फोटो खाली ठेवला. मग म्हणाला, "आन् जित्या माणसाचा?" मी म्हटलं, आमच्या घरात जित्या माणसाचा फोटोच नाही. आजा, आजी, थोरला चुलता, आई, सगळे भिंतीवर ओळीनं मांडी घालून डोळे मिटून बसलेत. माणूस मेल्याशिवाय त्याचा फोटो निघतच नाही, अशीच माझी समजूत होती. तुझ्या काशम्माक्काच्या साखरपुड्याला तोच फोटोवाला तोच तीन पायांचा स्टँड खांद्यावर टाकून एसटीतून उतरला, तेव्हा मी गल्लीभर बोंबलत पळालो होतो की शिवयोगीच्या घरी कोणीतरी गेलं. शेजारची नागव्वा डोक्यावर पदर ओढून रडतच तुझ्या दारात आली, तिच्यामागं आणखी सात-आठ बायका. काशम्माक्का हिरवा शालू नेसून पाटावर बसलेली, आणि ह्या बायका हातात हार घेऊन आत. तुझ्या वडलांनी मला एवढा हाणला की मला दोन दिवस भाकरी चावता येईना. तुम्ही सगळे अजून त्यावर हसता. मी खोटं बोललो नव्हतो, शिवयोगी. मला तेवढंच माहीत होतं.

कारण त्याच्या आदल्या वर्षी तो माणूस आमच्या दारात आला होता. आईला ओसरीच्या भिंतीला टेकवून बसवलं होतं आणि आम्ही दोन्ही बाजूंनी उभे. आत उजेड कमी होता. त्यानं काळ्या कापडात डोकं घातलं आणि ओरडला, "मी सांगेपर्यंत कुणी हलू नका." मी दहा वर्षांचा होतो, कसा न हलेन? अप्पाही हलले, कारण ते रडत होते. फोटो आला तेव्हा आम्ही सगळे पुसट, मला तर तोंडच नाही. स्वच्छ आली ती एकटी आईच. लोक म्हणाले, काय छान निघालीय. आता मी आई आठवायला बसलो की तीच येते, तोंड मिटून बसलेली. ती बडबडी होती, हसताना हात तोंडावर न्यायची, हे मला ठाऊक आहे. पण ते ठाऊक आहे एवढंच, दिसत नाही. म्हणून तुझ्या ह्या छंदाची मला किळस येते. तुझ्या हातात आता ते यंत्र आहे, आणि तू चपलेचा फोटो काढतोस.

आणि अप्पांनी तुला काय सांगितलं असेल ते मी इथं बसून सांगतो. पहिल्याच दिवशी तू त्यांच्यासमोर कॅमेरा धरला असशील, तर काठी उगारून म्हणाले असतील, "फोटू काढायला मी काय मेलो काय रे?" आणि तू आज्ञाधारकासारखा वळलास आणि भिंतीचा काढलास. बरोबर ना? तुझं सगळं आयुष्य असंच आहे. कुणी नको म्हटलं की तू सरळ वळतोस.

मी वळलो नव्हतो. मजूर न्यायला मुकादमाची माणसं वळसंगला आली त्या दिवशी मी न विचारता नाव दिलं आणि पिशवी घेऊन निघालो. अप्पा विहिरीवर मोट जुंपून उभे होते. त्यांनी हाक मारली नाही, थांब म्हटलं नाही. सगळ्या शिवारात ऐकू जाईल असं एकदाच ओरडले, "नन्न मण्णिगे बा!" हे सांगताना मानसिंगला कानडीचा अर्थ सांगावा लागला: आता माझ्या मातीलाच ये. मी पण मागं न बघता म्हटलं, येतो. दोघेही शब्दाचे पक्के, आणि त्या पक्केपणाचं आम्हा दोघांनाही अजून कौतुक आहे. असला मूर्खपणा तुझ्यासारख्या शहाण्याला सात जन्मांत जमायचा नाही.

मानसिंग सांगतो, "आरं जा की, बाप हाय." जाता आलं असतं तर तुला लिहीत बसलो असतो का? मी आज तुझ्या दारात उभा राहिलो, तर तो म्हातारा काय समजेल? आपलं भरलं म्हणूनच पोरगा आला, असंच समजेल. शब्द पाळायचा म्हणून त्याच दिवशी हातपाय पसरून पडेल, मी ओळखतो त्याला. आणि मातीला म्हटलं, तर तिलाही मी पोचणार नाही. तुझी तार यायला एक दिवस, इथून सोलापूर तीन दिवस, आणि माती दुसऱ्या दिवसापुढं कुणी ठेवत नाही. ओरडताना त्यांना हे माहीत नव्हतं. हल्दिया म्हणजे त्यांना अक्कलकोटच्या जरा पलीकडं वाटत असेल.

आता तुझा अकरावा फोटो. मागं तू 'सायकलची सावली' असं लिहिलंयस. मानसिंग म्हणाला, "सायकल कुटं हाय?" मी सांगितलं, आमचा शिवयोगी सायकल सोडून सावलीचा फोटो काढतो. आम्ही दोघं पोट धरून हसलो. मग मी तो फोटो ठेवता ठेवता परत उचलला. डाव्या कोपऱ्यात, ओट्याच्या कडेवरून खाली सोडलेले दोन पाय आहेत. घोट्यापर्यंतच आलेत, वरचं सगळं बाहेर राहिलं. पाय फुगून दुधी भोपळ्यासारखे झालेत, म्हणून मी आधी ओळखले नाहीत. डाव्या अंगठ्याला नख नाही. कुळवाची लोखंडी फास लागून गेलेलं, मीच बैल हाकत होतो. तू तो फोटो धुवून आणलास, मागं नाव लिहिलंस, पाकिटात घातलास, आणि ते पाय तुझ्या तयार झालेल्या नजरेला दिसले नाहीत.

तर शिवयोगी, म्हणून हे लिहितोय, नाहीतर तुझ्या छंदाला उत्तर द्यायला मला वेळ नाही. तुला रोज एक काढायचाच आहे ना, मग देऊळ आणि चादर जाऊ दे. त्यांचा काढ. रोज, वरचा भाग धरून. दाक्षायणीवहिनी चहा देतात तेव्हा काढ, कानडीत शेजाऱ्याशी भांडतात तेव्हा काढ. गप्प बसले असतील तर माझं नाव काढ, लगेच तोंड सुटेल, आणि ते सुटलेलं तोंड मला पाहिजे. फोटो पुसट आला तरी चालेल. मी मागितलं असं सांगू नको, मरेपर्यंत बसायचे नाहीत. त्यांना म्हण की रिळात चार फोटो उरलेत, आज काढले नाहीत तर सगळं रीळ वाया जातंय. ताटात राहिलेलं मीठसुद्धा त्यांना वाया गेलेलं खपत नाही. बसतील. शिव्या देत बसतील, पण बसतील. तसेच घे.

तुझाच,
ईरप्पा