तुमच्या पिकअपमधला काटा

बाबा, काल लेकानं नवी गाडी दारात उभी केली. तिचं इंजिन चालू आहे का बंद, तेच समजत नाही. मले तुमची अशी आठवण आली की तव्यावरची भाकर करपली. सांगू कोणाले? घरात सारे आपापल्या कामात. म्हणून तुम्हालेच लिहून राह्यली.

बासष्ट-त्रेसष्ट साल असेल. तुमचे कान गेलते, हे फक्त मले माहीत. लष्करी लिलावातली ती जुनी पिकअप घेऊन तुम्ही आर्णीहून उमरखेडले किराणा न्यायचे, अन् आई गेल्यापासून मी शेजारी बसायची. इंजिन ओरडलं की मी तुमच्या खांद्याले बोट टोचायची, तुम्ही गेअर बदलायचे. व्यापाऱ्यांले वाटे, पोरीचा लाड आहे. खरं समजलं असतं तर एकानंही माल दिला नसता. मग माझं लग्न ठरलं. तुम्ही पुसदच्या मिस्त्रीचाचांकडून टॅकोमीटर घेऊन आले. इंजिन किती जोरात फिरते ते त्याचा काटा दाखवते, म्हणे. मी चिडलीच. "माझ्या जागी हे डबडं बसवता काय?" तुम्हाले ऐकू आलं का नाही, देव जाणे.

स्टिअरिंगच्या दांड्यावर पट्टीनं आवळलं, एक तार कॉइलले, एक बॅटरीले, एक बॉडीले. काटा मेल्यावानी पडून. तुम्ही तीन-तीनदा तारा घासता, जोडता, काचेवर टिचकी मारता. शेवटी चाचाच आले. "अरे भाऊ, तुमच्या गाडीत उलटं आहे! बॅटरीचा प्लस बॉडीले बांधला. ह्या मीटरले मायनस पाहिजे." तारा अदलाबदल केल्या, मीटरच्या डब्याले गाडीची बॉडी लागू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला, अन् काटा थरथरत उठला. आकडे साफ खोटे, पण इंजिनसंगं खालीवर तर होत होता. मग आपण दोघं चढावर गेलो. मी खांदा टोचायची, तुम्ही काटा पाहायचे, अन् तो जिथं दिसला तिथं मी काचेवर लाल रेघ ओढली. "झालं. आता कोणाची गरज नाही," तुम्ही म्हटलं अन् तोंड फिरवलं. परत येताना मी रडली. तुम्हाले ऐकू येत नाही म्हणून मोकळ्या गळ्यानं रडली.

दिवाळीले तुम्ही मले घ्यायले आले. सासरी दिवसदिवस माझ्याशी कोणी बोलत नव्हतं, ते मी सांगितलं नाही. तुमच्या घरी चूल एकट्यासाठीच पेटते, ते तुम्ही सांगितलं नाही. गाडी चढाले लागली, इंजिन ओरडलं, काटा काही हलेना. तुम्ही आपले समोर पाहून राह्यले. मी खांदा टोचला. तुम्ही गेअर बदलला अन् हसले. सारा रस्ता तसाच गेला. घरी तुम्ही हातपाय धुवायले गेले, तेव्हा मी वाकून मीटरखाली पाह्यलं. तार तुटली नव्हती. स्क्रू ढिला करून काढलेली होती, टोकाले नीट चिंधी गुंडाळलेली.

हे पत्र टाकू कुठं, बाबा? तुम्हाले जाऊन जमाना झाला. पण ती तार मले दिसली होती, एवढं सांगायचं राह्यलंतं. दिवाळी सरल्यावर मले सोडायले निघताना तुम्ही म्हटलं, "मीटर बिघडलं वाटते, चाचाले दाखवतो." मी म्हटलं, "दाखवा न," अन् तुमच्या शेजारी जाऊन बसली.