लेकीच्या ड्रोनची रेंज

१० नोव्हेंबर, सोमवार
आज सकाळी देवापुढे हात जोडले आणि लेकीच्या ड्रोनचा रिमोट उघडला. रविवारी तिची कॉलेजातली स्पर्धा. म्हटलं, रेंज वाढवून द्यावी. उघडलेला रिमोट परत मिटेना. एक स्प्रिंग उडाली ती सापडली नाही. लेक अजून पलंगाखाली शोधतेय.

११ नोव्हेंबर
काळजीचं कारण नाही. माझा जुना ट्रान्समीटर आहे, म्हणजे मोठा रिमोटच. त्याच्यावर मी छंदातली छोटी विमानं उडवलीत. तळहाताएवढा ड्रोन म्हणजे काय! दुकानदाराने त्याच्या मागे लावायला, ड्रोनशी जोडणारं एक मॉड्यूल दिलं. म्हणाला, ट्रान्समीटर आणि ड्रोन पाठोपाठ चालू करा. पहिल्या काही सेकंदांतच जोडी जमते, नाहीतर नाही.

१२ नोव्हेंबर, सकाळ
ट्रान्समीटर चालू केला. डोळे मिटून शांतपणे देवाचं नाव घेतलं. मग ड्रोनला बॅटरी लावली, ट्रान्समीटरची दांडी वर ढकलली. ड्रोनचे दिवे नुसते लुकलुकत राहिले. लेक म्हणते, बाबा, मध्येच डोळे मिटू नका, वेळ निघून जातो. या पिढीला धीर म्हणून नाही. दोष ड्रोनमध्ये आहे.

१३ नोव्हेंबर
पुन्हा तेच. वरच्या मजल्यावर लेकीची मैत्रीण राहते. दोघींनी एकसारखेच ड्रोन घेतलेत. ती सकाळी याच वेळी सराव करते. जिन्यात तिची आई भेटली. म्हणाली, भाऊजी, आमचा ड्रोन रिमोटला हात न लावता उडतो, काल पंख्यावर आपटला, आज सासूबाईंच्या अंगावर गेला. मी म्हटलं, वहिनी, मन स्थिर ठेवा, सकाळी देवाचं नाव घेत जा. पोरीचा हात कच्चा, असं तोंडावर कसं सांगणार?

१४ नोव्हेंबर
लेक जेवली नाही. बायको म्हणाली, तुम्ही आता स्वस्थ बसाल तर उपकार होतील. पण आता स्वस्थ बसणं म्हणजे पोरीला वाऱ्यावर सोडणं. इतके दिवस दांडी भीत भीत ढकलली, तिथेच चुकलं. उद्या पूर्ण वर.

१५ नोव्हेंबर
नाव घेतलं. दांडी पूर्ण वर. आमचा ड्रोन ढिम्म. वर काच फुटली, किंकाळी आली. मी दचकून दांडी खाली ओढली. वर काहीतरी धाडकन पडलं. लेकीने माझ्याकडे बघितलं, मग छताकडे, आणि जिन्याने धावली. परतली ती मैत्रिणीचा मोडका ड्रोन घेऊन. म्हणाली, बाबा, तुम्ही इकडे डोळे मिटता, तिकडे ती ड्रोन चालू करते, आणि त्याची जोडी तुमच्या ट्रान्समीटरशी जमते. मागे दारात वहिनी. आज भाऊजी म्हणाल्या नाहीत.

१६ नोव्हेंबर, रविवार
आमच्या ड्रोनचे पंखे मैत्रिणीच्या ड्रोनला बसवलेत. रिमोटही तिचाच; दोघी जोडीने स्पर्धेत उतरणार. लेकीची अट एकच: माझा ट्रान्समीटर बंद. मैदान लांब आहे, असं मी दोनदा सांगून पाहिलं. शेवटी मनाचा हिय्या केला, ट्रान्समीटरची बॅटरी काढली आणि तिच्या हातात दिली. ती पिशवीत घालून घेऊन गेली. मी घरी.
तरी नोंद असावी: सिग्नल स्लॅबमधून गेला. रेंज वाढली होती.