गाडी उंच केल्याची हकिगत

साडूभाऊंना (तुम्ही वयानं मोठे म्हणून) वाकून नमस्कार, आणि (मी नुसता साडूच म्हणून) थोडा ताठ मानेनं नमस्कार. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत, तुमची खुशाली सवडीनं कळवावी. ताईंचा गुडघा आता काय म्हणतो? डॉक्टरांनी जिना बंद केल्याचं तुमच्या मागच्या पत्रात वाचलं, तेव्हापासून आमची ही स्वतः जिना चढतानाही उसासा टाकते. रोपवाटिका कशी चालली आहे, जीपचं दार अजून दोरीनंच बांधता का, आणि पाण्याच्या टाकीवर चढल्याशिवाय तुमच्याकडे फोन लागत नाही ही सोय शाबूत आहे ना, तेही लिहावं. (मी तिला सोयच म्हणतो. माझ्या दुकानात दिवसाला चाळीस फोन येतात आणि सगळे एकच विचारतात, कोट शिवून झाला का.)

पत्र लिहिण्याचं कारण असं की, मी गाडी उंच केली. दोन वर्षांपूर्वी तुमच्याकडे यायला निघालो आणि ओढ्यावरून परत फिरलो, ते तुम्ही विसरला नसालच. गाडीचं पोट दगडाला घासलं, आणखी पुढे गेलो असतो तर इंजिनाचं तेल ओढ्यात गेलं असतं, असं मी तेव्हा सविस्तर कळवलं होतं. त्यावर तुमचं उत्तर आलं की त्याच ओढ्यातून तुमची जीप रोज दोनदा जाते आणि तिचे टायर माझ्या टकलाइतके गुळगुळीत आहेत. टक्कल मध्ये आणायचं काही कारण नव्हतं. असो. तेव्हापासून दोघी बहिणींची भेट नाही. ताईंना गुडघ्यामुळे जीपचे धक्के खात खाली उतरता येत नाही आणि हिला माझ्यामुळे वर येता येत नाही. ताईंसाठी हिनं विणलेला स्वेटर त्या दिवशी परत आला तो अजून त्याच बॅगेत आहे, बॅग पलंगाखाली आहे, आणि केर काढताना ही ती बाहेर ओढते, पुसते आणि परत आत सारते. मला ते बघवत नाही. म्हणून यंदा मनाशी ठरवलं, काही झालं तरी हिला बहिणीच्या दारात नेऊन उतरवायचं.

आमच्याकडे एक गिऱ्हाईक आहे, ते सुटीच्या दिवशी चांगला रस्ता सोडून मुद्दाम दगडधोंड्यांतून गाडी घालतं. (वर त्याचे फोटो काढून लोकांना पाठवतं. आम्ही रस्ता चुकलो तर लपवतो.) पँटचं माप देता देता त्यानं मला सगळं समजावलं. आपल्या गाडीचे टायर डांबरी रस्त्याचे, ते चिखलात नुसते गरगर फिरतात, तेव्हा खोल खाचांचे, जाड गालांचे, मोठे टायर हवेत. त्याखेरीज चारी स्प्रिंगा उंच आणि धक्के झेलणारे शॉकअप लांब. थोडक्यात आधी बूट बदलायचे आणि मग पाय लांब करायचे. त्यानंच एका मिस्त्रींचा पत्ता दिला. हे मिस्त्री बोलण्याआधी हात पुसतात आणि हात पुसून झाल्यावर बहुतेक वेळा बोलत नाहीत. आमच्याकडे येऊन गाडी बघितल्यावर त्यांचं म्हणणं पडलं की ती गॅरेजवर आणा. मी म्हटलं, छे. कापड आपण घ्यायचं आणि दुसऱ्यानं कुठंतरी आडोशाला नेऊन कापायचं, हे माझ्या धंद्यात बसत नाही. काम माझ्या डोळ्यांसमोर, आमच्या इमारतीच्या खालच्या पार्किंगमध्ये झालं पाहिजे. मिस्त्रींनी हात पुसले, वर पाहिलं, आणि माझा हट्ट पाहून ते हत्यारं आणायला गेले. ते वर का पाहत होते, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

दोन दिवस काम चाललं. मी गळ्यात टेप घालून शेजारी स्टुलावर बसलो होतो आणि दर तासाला जमिनीपासून गाडीच्या पोटापर्यंतचं माप घेत होतो. आधी एक वीत होतं, शेवटी एक वीत आणि चार बोटं भरलं. मी मिस्त्रींना बक्षीस म्हणून एक सदरा शिवून द्यायचं कबूल केलं. ही खाली आली, तिनं गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं की आत चढायचं कसं. खरंच, पायरी हिच्या गुडघ्याच्याही वर गेली होती. पण तुमची मेहुणी तुमच्या बायकोचीच बहीण. संध्याकाळपर्यंत तिनं प्लास्टिकच्या स्टुलाला सुतळी बांधली; स्टुलावरून चढायचं, बसायचं, मग सुतळीनं स्टूल वर ओढून मांडीवर घ्यायचं. चार वेळा तिनं सराव केला. चौथ्या वेळी ती स्टूल मांडीवर घेऊन अशी काही बसली होती की जणू ओढा पार झालाच आहे, आणि मला फार बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी गाडी बाहेर काढायची होती. पार्किंगच्या तोंडाशी एक बीम आहे. गाडी गेली सहा वर्षं त्याखालून तीन बोटं राखून जात होती. आता साडूभाऊ, मी चाळीस वर्षं लोकांची मापं घेतोय. माणूस दारातून आत येताच त्याची बाही किती निघेल ते मी सांगतो. पण ज्या गाडीखाली दोन दिवस टेप घेऊन वाकत होतो, तिच्या वर टेप धरायचं मला सुचलं नाही. चार बोटांनी वाढलेली गाडी तीन बोटांच्या फटीतून जाईना, एवढं हे गणित आहे, आणि ते मिस्त्रींना पहिल्याच दिवशी कळलं होतं. मग आधी का सांगितलं नाही, असं विचारल्यावर त्यांनी हात पुसले आणि म्हणाले, "तुम्ही टेलर. मापाचं मी काय सांगणार?"

वजन टाकलं की गाडी बसेल, असं ठरलं. पहिल्या मजल्यावरचे दंतवैद्य आले, त्यांच्यासोबत तोंडात कापूस धरलेला एक पेशंट आला (त्याला नाही म्हणता येईना), गाणं शिकवणाऱ्या बाई आल्या, आणि पार्किंगमध्ये विनापरवाना काम केल्याची नोटीस द्यायला आलेले सोसायटीचे सेक्रेटरी वजनदार गृहस्थ असल्यामुळे त्यांनाही नोटिशीसकट मागच्या सीटवर बसवलं. पुढे ही, मांडीवर स्टूल घेऊन. गाडी हलेना की दबेना. कितीही लादलं तरी बसणार नाहीत अशी त्या स्प्रिंगांची हमी होती आणि कंपनी शब्दाला जागली. अखेर मिस्त्रींनी चारी टायरांतली हवा सोडली. मग ते स्वतः स्टिअरिंगवर बसले. मी बाहेर उभं राहून हातवारे केले, कारण कुणीतरी हातवारे करायलाच हवेत. गाडी मुंगीच्या चालीनं निघाली, बीमखालून जाताना आतल्या सगळ्यांनी उगाचच माना खाली घातल्या, आणि नखभर फट राखून ती उजेडात आली. सेक्रेटरी इतके खूश झाले की नोटीस त्यांनी स्वतःच घडी घालून खिशात ठेवली. आता हवा भरलेली गाडी पुन्हा आत जात नाही, म्हणून दुकानासमोर उभी असते. लोक तिला बघायला थांबतात आणि त्यातले दोघे सूटचं माप देऊन गेले.

सरावासाठी मी तिला गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत घेऊन गेलो. तिथे मुरमाचा एक ढिगारा आहे. त्याची मी चारी बाजूंनी बारकाईनं पाहणी केली, तासभर तरी गेला असेल, आणि चढाई अगदी शक्य आहे अशी खात्री झाल्यावर घरी आलो. चांगल्या रस्त्यावर हे टायर भुंग्यासारखे गुणगुणतात आणि ही त्यांच्या सुरात सूर मिसळते. एकंदरीत आमचं बरं चाललं आहे. येत्या रविवारी सकाळी निघतो, दहाच्या सुमारास ओढ्यावर पोचू. ताईंना सांगा, पण जिन्याकडे धावू नका म्हणावं.

तुमचा धाकटा साडू

ता. क. तुमचा कोट सोबत आणतोय. कमरेचं मागच्या वेळचंच माप धरलं आहे. खोटं ठरलं तर दोष माझा नव्हे.

ता. क. दुसरा. आता खरं लिहितो. त्या दिवशी गाडी कशालाच घासली नव्हती. ओढ्याच्या काठावर आलो, पाण्याचा आवाज ऐकला. काही केल्या पाय क्लचवरून उचलेना. तेवढ्यात ही म्हणाली, खाली दगड घासला वाटतं, परत फिरू या. बुडत्याला काडीचा आधार, तसा तो दगड मी धरला आणि दोन वर्षं धरून बसलोय. हिला तसं खरंच वाटलं असावं. साडूभाऊ, टायर आणि स्प्रिंगा आता उत्तम आहेत, पण ज्याला बदलायला हवं होतं तो तसाच आहे. तेव्हा एवढं करा. रविवारी दहा वाजता, सहज फिरायला आल्यासारखे ओढ्यावर या, नवीन गाडी चालवून बघू म्हणा आणि तेवढा ओढा तुम्ही पार करून द्या. पुढच्या वळणावर मला जागा द्या, म्हणजे दारात तरी मीच चालवत येईन. आयुष्यात तुमच्याकडे पहिल्यांदाच काही मागतोय.

ता. क. तिसरा. हे पत्र वाचून फाडून टाका. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर.

*

ती. भाऊजींना नमस्कार. ह्यांचं अक्षर पोस्टमनला लागत नाही, म्हणून पाकिटावर पत्ता नेहमी मीच घालते, तेव्हा वाचणं ओघानंच आलं. त्या दिवशी ओढ्याला घोटाभर पाणी होतं. पलीकडे तुमच्या घराचं छप्पर दिसत होतं. चपला हातात घेऊन मी दहा मिनिटांत ताईजवळ पोचले असते. पण हे दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बसले होते, आणि ह्यांना तिथं एकटं सोडून जाववेना, म्हणून दगडाचं मी म्हटलं. रविवारी तुम्ही नक्की या. मला ठाऊक आहे हे ह्यांना कळू देऊ नका. पाय मोकळे करायच्या निमित्तानं मी ओढ्याच्या आधीच उतरीन, पुढे येईन आणि ताईला हात धरून दारात आणून उभी करीन. गाडी कोण चालवत आणतंय, ते तिनं नीट पाहायला हवं.