तालमीचा गोटा नंदीशनं उचलू नये म्हणून

मी, ईरण्णा बसलिंगप्पा पाटणे, वय चौसष्ट, धंदा शेती व तालमीची वस्तादकी, राहणार नळदुर्ग, जिल्हा धाराशिव, आज पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. डोकं शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. काळजाबद्दल त्यांनी वेगळा कागद दिला, तोही जोडला आहे. त्या कागदामुळेच हे लिहिणं आलं.

१. राहतं घर व बँकेतील ठेव पत्नी सौ. शिवगंगा हिची. तालमीतल्या पोरांना तिनं चाळीस वर्षं दूध तापवून दिलं. मी एकदाही बरं म्हटलं नाही.

२. स्वकष्टार्जित तीन एकर रान मुलगा नंदीश याचं. त्याबद्दल वाद नाही.

३. तालमीतली मुद्गलं, लोखंडी चकत्या व बाकी सामान माझा जुना पठ्ठा बंडप्पा यानं न्यावं. माझी तालीम सोडून त्यानं हायवेला आरशांची जिम काढली, म्हणून अकरा वर्षं मी त्याच्याशी बोललो नाही. मन अजून साफ झालेलं नाही, पण तो पोरांना उचलताना श्वास सोडायला शिकवतो. मी उलटं शिकवलं. तालमीचा दगडी गोटा उचलताना तो छातीवर येण्याआधी ज्याचा श्वास सुटेल, त्याचं त्या दिवशीचं दूध बंद, हा माझा नियम होता. किती पोरांनी माझ्या भीतीनं दम कोंडला असेल!

४. माझे दोस्त गोरोबा, निवृत्त पोस्टमन, यांना माझी सायकल. रोज पहाटे ते दहा किलोमीटर पळतात आणि मी कट्ट्यावरून त्यांना "टपाल उशिरा निघालं काय?" म्हणून चिडवायचो. गेल्या वर्षी आम्ही दोघांनी एकाच दिवशी सोलापुरात हृदयाची सोनोग्राफी केली. त्यांच्या हृदयाचा कप्पा मोठा, भिंत लवचीक. माझी भिंत जाड आणि ताठ. डॉक्टर म्हणाले, "पळताना हृदय जास्त रक्त घ्यायला आणि ढकलायला शिकतं. श्वास कोंडून वजन उचललं की रक्ताचा दाब एकदम चढतो, हृदयाला त्याच्याविरुद्ध जोर लावावा लागतो. पण वस्ताद, खापर वजनांवर फोडू नका. रक्तदाबाची गोळी तुम्ही पंधरा वर्षं टाळली, ती मुख्य गोष्ट. वजनं उचलायची, चालायचं-पळायचंही, दोन्ही पाहिजे." दोन्ही! हे मला चोविसाव्या वर्षी कुणी सांगितलं असतं तरी मी हसलोच असतो.

५. तालमीची इमारत व मागचं मैदान मुलगी शिवानी हिचं. ती सोळा वर्षांची असताना विभागाच्या पाच हजार मीटर शर्यतीला निवडली गेली होती. "आप्पा, निस्ती सही करा. दोन दिसांत येते की माघारी," एवढंच म्हणाली. "पळून पळून वाळून जाशील, कोण करून घेईल तुला?" असं म्हणून मी फॉर्म परत दिला. ती रडली नाही, बूट शेजारणीच्या पोरीला देऊन आली. पोरी, तू मैदानावर कुणालाही पळव. माझ्याकडून द्यायला एवढंच उरलंय आणि ते फार उशिरा देतोय, हे मला कळतं.

६. आता ज्यासाठी हा कागद केला ते. वस्ताद गेला की देह उचलण्याआधी त्याच्या वारसानं तालमीचा ऐंशी किलोचा गोटा खांद्यावर घ्यायचा, ही आमची रीत. माझे वडील गेले तेव्हा मी घेतला. दम कोंडला होता, म्हणून रडू आलं नाही. लोक शाबासकी देत होते. आजतागायत मी वडिलांसाठी रडलेलो नाही.

नंदीशचा रक्तदाब मागच्या महिन्यात एकशे ऐंशी निघाला. गोळ्या त्यानं खिडकीत ठेवून दिल्या. मी बोललो तर म्हणाला, "आप्पा, तुमीच म्हनायचाव ना, गोळी खातो तो गडी न्हाय? आन गोटा म्या उचलला न्हाय तर लोकं काय म्हंतील?" वाक्य माझंच होतं. गोटा पुरून टाकावा असं मनात आलं, पण तो दुसरा आणील. या मुलखात दगडांना काय तोटा?

तरी लिहितो: माझ्या देहापुढे नंदीशनं गोटा उचलू नये. रीत मोडली तर पाप माझ्या माथी. त्यानं जवळ बसावं आणि रडायचं तेवढं रडावं.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर, बहुधा माती झाल्यावर उघडतात. गोटा त्याआधीच उचलला जातो. तेव्हा सह्या होताच हा कागद मी स्वतः नंदीशला वाचून दाखवणार आहे. "माझं चुकलं" असं मी त्याला जन्मात कधी म्हटलेलं नाही. इथं लिहिलंय, म्हणजे वाचताना गाळता येणार नाही. नंदीश, माझं चुकलं. गोळी घे.

सही: ईरण्णा बसलिंगप्पा पाटणे

वस्तादांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केली:
१. गोरोबा नामदेव कुंभार
२. शिवपुत्र मल्लप्पा हत्तुरे

ठिकाण: नळदुर्ग
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५