आईच्या आडाळ्यासाठी भट्टी

१४ सप्टेंबर, रविवार
ठरलं! भट्टी करायची. गॅसची, घरगुती, आपल्या हाताने.

आईचा आडाळो मोडून तीन महिने झाले. लग्नात मालवणहून आणलेली विळी. पातं घासून घासून पापडाएवढं पातळ राहिलं होतं, एक दिवस सुरमईच्या मणक्यावर मानेतच तुटलं. मी दादरहून नवी आणली. आईने एक बांगडा कापला आणि विळी पलंगाखाली सारली. "ह्येका धार नाय गो, नुसती चमक आसा." तेव्हापासून ती मासे कापायला बसलेलीच नाही. मी बाजारातून कापून आणते. ती मुकाट जेवते, ताजे-शिळे काही बोलत नाही. आई आणि माशांबद्दल गप्प! मला त्याचीच धास्ती वाटते. म्हणून नवं पातं आपणच घडवायचं.

भायखळ्याला सायमन अंकलकडे गेले. रिटायर्ड गॅस वेल्डर, आमच्या दातांच्या लॅबचे बर्नर तेच दुरुस्त करायचे. घरामागे अंगण, वर पत्रा, चारी बाजू उघड्या. मी ऐटीत म्हटलं, अंकल, रोज दातांच्या कॅप ओतते मी, आग काय मला नवी नाही. त्यांनी डावा हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गुळगुळीत. "माझ्या पन ओळखीचीच होती." मग अट: सगळं त्यांच्या पद्धतीने. माझी एक चूक, की भट्टी भंगारात. कबूल.

आई: "म्हाळाच्या पंधरवड्यात नवीन काय सुरू करतंस?" नवीन कुठे, जुन्याचीच दुरुस्ती!

२१ सप्टेंबर, रवि.
(पूर्ण नाव लिहायला वेळ नाही. आजपासून सा. अं.)
भट्टीच्या सांगाड्यासाठी मी आणलेला पाइप सा. अं.नी परत पाठवला. जस्त चढवलेला होता, तापला की विषारी धूर. दुसरा मिळाला, साधा काळा लोखंडी. आत उष्णता धरून ठेवणारं सिरॅमिक वूल बसवलं. मास्क, हातमोजे, कारण तंतू छातीत गेले की निघत नाहीत. वरून भट्टीच्या सिमेंटचं लिंपण. लॅबमधल्या साच्यांसारखंच काम, फक्त पेशंट हत्ती!

बर्नरमधलं गॅसचं बारीक छिद्र सा. अं.नी स्वतः पाडलं. हल्ली हात थरथरतो त्यांचा. ड्रिल टेकवून थांबले, श्वास घेतला, आणि बरोब्बर मधोमध. "बघ. चालतो अजून." दिवसभर खुशीत.

२८ सप्टें., रवि.
लिंपण खणखणीत वाळलं. कमर्शियल सिलिंडर, रेग्युलेटर, नवी नळी, हाताशी कॉक. प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. एका ठिकाणी फुगा आला, एवढास्सा! आवळला, परत पाणी, आता नाही. वाळूची बादली, अग्निशामक.

धडा तोंडपाठ. आधी लांब सळईवरचा पेटता बोळा भट्टीच्या तोंडाशी, मग गॅस. समोर उभं राहायचं नाही. बिघडलं तर सिलिंडरवरच बंद. "आधी बंद, मग विचार."

पेटवायची दसऱ्याला. नवरात्र संपलं की घरात मासे. तोवर पातं व्हायलाच हवं.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी साडेसातलाच पोहोचले. सा. अं. चर्चला गेलेले. म्हटलं, दसरा आहे, हत्यारांची पूजा झालीच पाहिजे. हळदकुंकू, अक्षता, बर्नरवर टपोरा झेंडू. काय देखणी दिसत होती भट्टी!

ते आले. फूल उचललं, बोळा धरला, गॅस सोडला. भप्प. पिवळी, आळशी ज्योत. मग आग मागे फिरली, बर्नरच्या नळीतच सूं सूं जळायला लागली. नळी लाल होताना दिसली. माझा हात सिलिंडरवर कधी गेला कळलंच नाही. बंद.

सा. अं. स्टुलावर बसले, स्वतःच्या हाताकडे बघत. "छिद्र वाकडा गेला. हात गेला माझा, बाय." चहा न पिताच आत गेले. फार वाईट वाटलं.

४ ऑक्टो., शनि.
लॅब सुटल्यावर भायखळा. बर्नर उघडला. छिद्राच्या तोंडाशी तांदळाचे दोन दाणे, कुंकू लागलेले, आणि झेंडूची पाकळी. छिद्र सुतासारखं सरळ.

ते दाणे घेऊन अंगणात उभी. सांगावं तर भट्टी भंगारात, आईचं पातं गेलं. झटकून टाकावेत तर भट्टी वाचते, पण हा माणूस जन्मभर आपल्या हाताला दोष देणार. असा विचार केला याचीच लाज वाटली.

आत जाऊन मूठ उघडली.
"ह्यो कसला भात?"
सांगितलं. त्यांनी चष्मा लावला, छिद्र उजेडात धरलं, किती वेळ बघत राहिले. मग असे हसले की खोकला लागला. "म्हंजे हात शाबूत हाय माझा!"
अंकल, अट...
"गॅस कोनी बंद केला त्या दिवशी? मी तर नुसता उभा होतो."
एवढंच. नवा नियम: पूजा फक्त हातोड्याची.

५ ऑक्टो., रवि.
पेटली!!! काय ती घरघर! निळी, एकसारखी. बघता बघता आत केशरी उजेड. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचा तुकडा लोण्यासारखा वाकत होता, म्हणजे सा. अं. मारत होते तेव्हा. मी मारला की घण नुसता उडायचा. संध्याकाळपर्यंत पात्याला पोट आलं, चोच आली. तेलात बुडवलं, चर्रर्र... तडकलं नाही! सरळ आहे! दंड उचलवत नाहीये, भाकरीसुद्धा डाव्या हाताने खाल्ली.

१२ ऑक्टो., रवि.
आठवडाभर पाजवणं, घासणं. काल जुन्याच पाटावर बसवलं. आज सा. अं. सहा बांगडे घेऊन आमच्या घरी, भोईवाड्यात, हजर.

आईसमोर ठेवलं. तिने पदर खोचला, पाटावर बसली, अंगठा धारेवरून आडवा फिरवला. एकदा. दोनदा. सा. अं. हात मांडीखाली दाबून बसलेले.

"जा, हळद-कुंकू घेवन ये. आणि अक्षता."

सा. अं. माझ्याकडे बघायला लागले. मी पळाले.

हे ओट्याशी उभ्यानेच लिहितेय. करंडा सापडत नाहीये, डोळे भरलेत, काही दिसतच नाही. बाहेरून आई ओरडतेय, माशांवरून, चार महिन्यांत पहिल्यांदा.

"गो, कितको येळ? बांगडे वास मारतले!"